थोडा उद्धटपणा शिकूया

(डिसेंबर २०२५ मधील स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा पाठ)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, तेव्हा फोनवरून होणाऱ्या फसवणुकीवर वीस मिनिटं बोल." मी हो म्हणाले आणि नेहमीच्या सवयीने स्लाइड्स करायला बसले. पासवर्ड असा ठेवा, ओटीपी देऊ नका, लिंकवर क्लिक करू नका. सात-आठ स्लाइड्स झाल्यावर थांबले. हे सगळं आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर येतच असतं. आणि हे सगळं माहीत असलेला एक माणूस माझ्याच घरात फसला. त्यामुळे आज स्लाइड्स नाहीत. त्या माणसाची गोष्ट सांगते.

तो माणूस म्हणजे माझे बाबा. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना 'पोस्टातले काका' म्हणून आठवत असतील. सांगण्याआधी त्यांची परवानगी घेतली आहे. आधी नको म्हणाले. दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "सांग. पोस्टातला माणूस फसला हे कळलं तर बाकीचे तरी जपतील." चौतीस वर्षं ज्या माणसाने सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय एकाही मनीऑर्डरचे पैसे हातातून सोडले नाहीत, त्याची ही गोष्ट आहे.

गेल्या वर्षीचा १८ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज : दूरसंचार विभागाकडून बोलत आहोत, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी नऊ दाबा. बाबांनी नऊ दाबलं. एक मुलगी फार नम्रपणे बोलली. तुमच्या आधारवर मुंबईत दुसरं सिमकार्ड घेतलंय, त्यावरून गैरप्रकार झालेत, मी तुम्हाला पोलिसांना जोडून देते. मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल. समोर खाकी वर्दी, मागे बोधचिन्ह, बाजूला वॉकीटॉकीची खरखर. तुमच्या नावाने बँकेत खातं आहे, त्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्हाला अटक होणार. पण तुमचं वय बघून आम्ही तुम्हाला घरीच नजरकैदेत ठेवतो. कॅमेरा चालू ठेवायचा. खोलीबाहेर जाताना विचारायचं. आणि घरात कोणाला काही बोलायचं नाही, नाहीतर त्यांनाही आरोपी करावं लागेल.

याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. गंमत बघा, त्याच्या तीनच आठवडे आधी, २७ ऑक्टोबर २०२४ ला, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नेमकं हेच सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट असा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही. बाबांनी ते पेपरात वाचलं होतं. आईला वाचूनही दाखवलं होतं. तरीही ते दिवसभर भगवंताच्या देवळाजवळच्या आमच्या घरात मधल्या खोलीचं दार लोटून बसले. आईला म्हणाले, पेन्शनच्या ऑफिसचं काम आहे. दुपारी 'खात्याची पडताळणी' म्हणून त्यांना बँकेत पाठवलं आणि त्यांनी आरटीजीएसने ४ लाख ६० हजार भरले. चोवीस तासांत परत येणार होते.

संध्याकाळी साडेसातला त्यांनी आईच्या फोनवरून मला फोन केला. मी पुण्याला ऑफिसच्या कॉलवर होते. बाबा म्हणाले, "काय करतेस?" मी म्हणाले, "बाबा, मीटिंगमध्ये आहे, उद्या करते." ते म्हणाले, "बरं." आणि ठेवला.

मी ज्या कंपनीत काम करते तिथे आम्ही पैसे इकडून तिकडे पाठवण्याचंच सॉफ्टवेअर लिहितो. मीटिंगही त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. बुधवारी विधानसभेचं मतदान, बँका बंद. त्यामुळे पलीकडून घाई, आज काम झालंच पाहिजे. बाबा एफडी मोडायला बँकेत गेले. नऊ लाखांची. काउंटरपलीकडे आपल्या 'ब' तुकडीतली एक मैत्रीण होती. ती आज इथे आहे, पण नाव घ्यायचं नाही अशी तिने तंबी दिली आहे. तिने पावती बघितली आणि विचारलं, "काका, पंधरा दिवसांनी मुदत भरतेय. आत्ताच कशाला मोडताय?" बाबा म्हणाले, "घरचं काम आहे." पण ते शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभे होते आणि हात काढत नव्हते. खिशात फोन होता आणि फोन चालू होता.

तिने आणखी काही विचारलं नाही. स्लिपच्या मागे लिहिलं, "फोनवर कोणी आहे का?" बाबांनी मान हलवली. तिने खाली लिहिलं, "पोलीस असं करत नाहीत. फोन बंद करा." बाबा वाकून हळूच म्हणाले, "मध्येच बंद केला तर ते रागावतील ना गं?"

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्यावेळी त्यांना पैशाची नाही, समोरचा रागावेल याची काळजी होती. शेवटी तिनेच हात पुढे करून फोन घेतला आणि बंद केला. मग बॅचच्या ग्रुपवरून माझा नंबर काढून मला फोन केला.

हे सांगताना एक कबूल करते. मी रात्री बार्शीला पोहोचले आणि पहिलं वाक्य काय बोलले असेन? "बाबा, मला विचारायचं तरी!" आई शांतपणे म्हणाली, "त्यांनी फोन केला होता तुला."

त्या रात्रीपासून मी या विषयाचा वेगळा विचार करायला लागले. तोवर मला वाटायचं, लोक फसतात कारण त्यांना माहिती नसते. आता वाटतं, माहिती असते; पण ऐन वेळी आपली चांगली वळणंच आपल्याला अडचणीत आणतात. आपल्याला घरी आणि शाळेत काय शिकवलं? मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. समोरचा बोलत असताना मध्ये तोडू नये. अधिकाऱ्यासमोर नीट उभं राहावं. घरातलं घरात ठेवावं, चारचौघांत बोभाटा करू नये. सर, ही तक्रार नाही. या शिकवणीवरच आम्ही उभे आहोत. पण हे भामटे नेमक्या याच गोष्टींवर धंदा करतात. त्यांच्याकडे फार मोठं तंत्रज्ञान नसतं. एक वर्दी, एक शिक्का मारलेलं खोटं पत्र आणि आपला सभ्यपणा एवढं भांडवल पुरतं.

आणि फक्त साधी माणसंच सापडतात असं नाही. २०२४ मध्येच लुधियानातल्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या ८२ वर्षांच्या अध्यक्षांना या लोकांनी व्हिडिओवर चक्क खोटं सर्वोच्च न्यायालय उभं करून दाखवलं आणि ७ कोटी रुपये घेतले. आयुष्यभर वकील, बँका, सरकारी खाती यांच्याशी व्यवहार केलेला माणूस. यंदाच्या ऑक्टोबरमध्ये खऱ्या सर्वोच्च न्यायालयाने या डिजिटल अरेस्टच्या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आहे.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगते, कारण "मग तुमचं सॉफ्टवेअर काय करतं?" हे मला बाबांनीही विचारलं होतं. सॉफ्टवेअर हे तपासतं की पैसे पाठवणारा माणूस तुम्हीच आहात ना. पिन बरोबर आहे का, फोन तोच आहे का, ओटीपी जुळला का. हे काम ते चांगलं करतं. म्हणूनच चोरांनी कुलूप फोडणं कमी केलं आणि मालकालाच किल्ली फिरवायला लावायला सुरुवात केली. बाबांनी स्वतः बँकेत जाऊन, स्वतःच्या सहीने पैसे भरले. यंत्राला 'कोणी केलं' ते कळलं, 'कशासाठी केलं' ते कळलं नाही. ते काउंटरवरच्या माणसाला कळलं, कारण तिने हात खिशावर असलेला पाहिला.

त्यामुळे नव्या युक्त्यांची यादी पाठ करून फार उपयोग नाही. यादी दर महिन्याला बदलते. आज ट्रॅफिक चलानच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाइल येते. ती उघडून परवानग्या दिल्या की ते अॅप तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, परस्पर वाचू लागतं. उद्या वीज कापण्याचा मेसेज येईल. परवा शेअर बाजाराचा ग्रुप, ज्यात अॅपवर नफा रोज वाढताना दिसतो आणि काढायला गेलं की 'आधी टॅक्स भरा' म्हणतात. तेरवा तुमच्या मुलाच्या आवाजात कोणी रडत पैसे मागेल. आवाजाची नक्कल आता काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून करता येते. गोष्टी वेगळ्या, पण आतला सांगाडा एकच असतो. त्यात तीन गोष्टी असतात. पहिली, भीती किंवा हाव. दुसरी, घाई. तिसरी, 'कोणाला सांगू नका'. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची. खरा अधिकारी तुम्हाला वकिलाशी, नवऱ्याशी, मुलीशी बोलू नका असं कधीच सांगणार नाही. ज्या क्षणी समोरचा म्हणतो की घरात सांगू नका, त्या क्षणी तो कोण आहे हे ठरलं.

तेव्हा आता उद्धटपणाचे धडे. पाच आहेत, वहीत लिहून घ्यायला हरकत नाही.

पहिला : फोन मध्येच ठेवून द्यायचा. 'सॉरी' म्हणायचं नाही, कारण सांगायचं नाही. समोरचा खरा पोलीस असेल तर काय, असं बाबांसारखं वाटेल. खरा पोलीस असेल तर तो लेखी नोटीस देईल किंवा दारात येईल. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, आणि पैसे भरून 'पडताळणी' तर कुठल्याच खात्यात होत नाही. मैत्रिणींसाठी खास सांगते : आपल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही, अपवाद करायचा तरी महिला अधिकाऱ्याला लेखी अहवाल देऊन आधी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. रात्री अकराला फोनवर कोणी धमकावत असेल तर हे आठवा आणि ठेवून द्या.

दुसरा : आलेल्या फोनवर काही करायचं नाही, आपण उलटा फोन करायचा. बँकेचा म्हणून फोन आला, तर ठेवायचा आणि कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला नंबर आपल्या हाताने फिरवायचा. गुगलवर कस्टमर केअर शोधायचं नाही. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. बँकेची वेबसाइट उघडताना पत्ता बघा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, आणि हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो.

तिसरा : यूपीआय पिन पैसे जाताना लागतो. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. जुना सोफा विकताना 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणाऱ्याला थेट नाही म्हणा.

चौथा : आपल्या फोनचा पडदा परक्याला दाखवायचा नाही. 'मदतीसाठी हे अॅप टाका' म्हणत स्क्रीन शेअर करायला लावतात आणि मग तुम्ही टाइप केलेलं सगळं त्यांना दिसतं. अॅप फक्त अधिकृत स्टोअरमधून घ्यायचं, व्हॉट्सअॅपवर आलेलं नाही.

पाचवा : घरात एक शब्द ठरवा. आमचा आहे, पण तो सांगणार नाही. मुलाच्या, भावाच्या, कोणाच्याही आवाजात तातडीने पैसे मागितले गेले की तो शब्द विचारायचा. पोटच्या पोराला असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. वाटू दे.

आता एवढं करूनही फसलात तर? पहिला नंबर १९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. 'सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन' वरही तक्रार करता येते. यात वेळ महत्त्वाची, कारण पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून पाचात, पाचातून वीसात, आणि मग कुठल्यातरी एटीएममधून बाहेर. तुमची तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना कळवलं जातं आणि जिथे जेवढे उरले असतील तेवढे रोखले जातात. म्हणजे ही शर्यत आहे. व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. त्याच वेळी बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं होतं की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर झालं तर ते बँकेचं. आणि चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, असा प्रकार असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर काही भार येणार नाही, असंही त्यात होतं. म्हणजे 'उद्या बघू' हे महागात पडतं.

आमच्या बाबतीत बँकेतूनच १९३० ला फोन लावला. पण तोपर्यंत जवळजवळ एक दिवस गेला होता. ४ लाख ६० हजारांपैकी १ लाख ८५ हजार रोखले गेले होते. ते सात महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. बाकीचे गेले. सोमवारी संध्याकाळी साडेसातला मी मीटिंगमधून उठून दोन मिनिटं बोलले असते, तर कदाचित आणखी काही वाचले असते. हा हिशोब मी अजून अधूनमधून करते.

इथे आपल्या मुलांबद्दलही एक बोलायला हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकांची मुलं आता कॉलेजात आहेत. ही जी मधली खाती असतात ना, ती अनेकदा विद्यार्थ्यांची असतात. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं त्यांना कोणीतरी सांगतं. मुलांना वाटतं, आपण काही चोरी करत नाही. पण पोलिसांच्या दृष्टीने चोरीचा पैसा त्यांच्या खात्यातून गेलेला असतो आणि पहिली नोटीस त्यांनाच येते. तसंच परदेशात डेटा एण्ट्रीची मोठ्या पगाराची नोकरी म्हणून म्यानमार, कंबोडियाकडे नेलेल्या कितीतरी भारतीय मुलांना तिथे कोंडून हेच फोन करायला लावलं गेलं आहे. म्हणजे पलीकडचा आवाजही कधीकधी कोणाच्यातरी घरचा हरवलेला मुलगा असतो.

शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. पैसे गेले त्यापेक्षा बाबांना जे झालं ते मोठं होतं. ते फोन उचलेनासे झाले. संध्याकाळी कट्ट्यावर जाणं बंद केलं. पासबुक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "आता तूच बघ, माझी अक्कल गेली." नातेवाइकांना सांगू नकोस म्हणाले. म्हणजे भामट्यांनी लावलेलं 'कोणाला सांगू नका' हे कुलूप फोन बंद झाल्यावरही तसंच होतं, फक्त आता ते आम्ही स्वतःच लावून घेतलं होतं. ते उघडायला आम्हाला वर्ष लागलं. पासबुक मी परत दिलं. आता मोठी रक्कम काढायची असेल तर ते मला सांगतात आणि मीही माझी सांगते. दोघांना सारखाच नियम, म्हणून त्यांनी मानला.

म्हणून हात जोडून विनंती करते. तुमच्या घरात कोणी फसलं तर 'कसं काय फसलात?' हे वाक्य गिळून टाका. 'लगेच सांगितलंत, बरं केलंत' एवढंच म्हणा आणि १९३० लावा. ज्याला बोलणी खावी लागतात तो पुढच्या वेळी सांगत नाही, आणि न सांगण्यात गेलेला वेळ चोराच्या खिशात जातो.

आणि आज रात्री घरी गेल्यावर एक काम करा. आई-वडील असतील तर त्यांना, नसतील तर ज्या काका, मावशी, आत्या एकट्या राहतात त्यांना फोन करा. व्याख्यान देऊ नका. एवढंच सांगा : "कोणी कितीही मोठा साहेब असू दे, त्याचा फोन ठेवून मला लाव. मी कुठेही असले तरी उचलीन." आणि मग खरंच उचला. मी आता मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगून ठेवते, घरून फोन आला तर मी उठणार. सुरुवातीला लोक हसले. आता दोघं-तिघं तसंच करतात.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर फुलांची चित्रं येतात म्हणून मी तो वर्षभर म्यूट करून ठेवला होता. त्याच ग्रुपवरून माझा नंबर सापडला आणि नऊ लाख वाचले. त्यामुळे ग्रुपवर आजपासून एक रीत सुरू करू. कोणाला संशयास्पद फोन आला, कोणी फसलं, तर तिथे बिनदिक्कत लिहायचं. कोणी हसणार नाही, कोणी उपदेश करणार नाही. गावात जे राहतात त्यांनी धावून जायचं, बाहेर जे आहोत त्यांनी फोनवर राहायचं.

आणि त्या काउंटरवरच्या मैत्रिणीला, नाव न घेता, सगळ्यांसमोर धन्यवाद देते. बाबा आज मागच्या रांगेत बसले आहेत. मघाशी त्यांचा फोन वाजला तेव्हा त्यांनी नंबर बघितला आणि सरळ कट केला. कोणाचा होता ते जेवताना विचारते. बहुतेक आईचाच असेल.